हलगी थांबायच्या आत

लग्न होऊन मी श्रीगोंद्याकडच्या त्या गावात आले त्याला वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर शेवगावचं, बाजारपेठेचं. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी जत्रेतले सगळे खेळ पाहिले होते, आकाशपाळण्यात बसले होते, आणि संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापताना ते सगळं सासूबाईंना सांगत असे. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत होती. आत्याबाई काटवटीवरून मान वर न करता ऐकायच्या आणि मध्येच एखादी गोष्ट विचारायच्या. पाळणा वरून खाली येताना पोटात कसं होतं? आरशात माणूस आडवं दिसतं म्हणजे नेमकं कसं दिसतं? नव्या सुनेचं मन रमावं म्हणून विचारत असतील, असं मला वाटायचं.

बहात्तरच्या चैत्रात, दुष्काळाचे हाल सुरू व्हायच्या आधी, आम्ही देवाच्या जत्रेला गेलो. पहाटे गाडी जुंपली तर ऊन तापायच्या आत पोचता येईल, एवढं अंतर होतं. माझे पती साखर कारखान्यात कामाला होते, त्यांना सुट्टी मिळाली नाही. गाडीत आम्ही तिघंच. सासरे, आत्याबाई आणि मी. निघताना पतींनी मला बाजूला घेऊन बजावलं की आईला धुळीत फिरू द्यायचं नाही. आत्याबाईंना दमा होता. संक्रांतीनंतर एकदा त्यांचा श्वास असा अडकला होता की ओठ काळेनिळे पडले होते. तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पुडी त्यांनी जवळ ठेवायची असं ठरलं होतं. काही झालं तर बोल मलाच लागणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. मोठा पटका, कमी बोलणं, आणि एकदा बोललं की तो विषय संपला. जत्रेत गाड्या लिंबाच्या झाडांखाली सुटायच्या, तिथंच तीन दगडांवर पुरणपोळीचा नैवेद्य व्हायचा. देवाला नैवेद्य दाखवून, जेवून मामा उठले. कुस्त्यांचा हगामा होता, माळाच्या पलीकडच्या अंगाला. जाताना ते म्हणाले की हगामा उठला की मी येतो, तुम्ही दोघी गाडी सोडून हलू नका. खेळांच्या तंबूंकडे घरातल्या बायकांनी जायचं नाही, हे ते बोलले नाहीत. ते सगळ्यांना ठाऊकच होतं.

थोड्याच वेळात हगाम्याची हलगी सुरू झाली. मी भांडी घासायला घेतली. दोघींचे हात लागल्यामुळं त्या वर्षी स्वयंपाक लवकर आटोपला होता. आत्याबाई हात धुऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर खोचला.

"ऊठ सूनबाई," त्या म्हणाल्या. "मला समदं बघायचंय."

मी विचारलं, समदं म्हणजे काय?

"तू सांगत हुतीस ते समदं. पाळना, आरसं, घोडं, ती सापाची बाई, मौतका कुआ. आजच्या आज. हलगी वाजतीया तोवर."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मामांची आठवण करून दिली, दम्याची करून दिली, तुमच्या मुलाला मी काय सांगू असंही म्हणाले. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या की इतकी वर्षं मी या जत्रेला येते, आणि मी जत्रेतलं काय पाहिलं असेल तर हे तीन दगड. पोरं तिकडून येऊन सांगायची, मी त्यांना वाढायची. पुढच्या वर्षी माझ्या छातीत एवढाही दम असेल का, ते देवाला माहीत.

"आन् गोळ्या?" मी विचारलं.

त्यांनी कनवटीवर हात थापटला. "हायेत."

शेजारच्या गाडीपाशी आमच्याच गावच्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. बैलांवर नजर ठेवा, देवाच्या पायरीला जाऊन येतो, असं आत्याबाईंनी त्यांना सांगितलं आणि देवळाच्या विरुद्ध दिशेला चालू लागल्या. मी मागं धावले.

लाकडी घोड्यांच्या चक्रीत त्या ताठ बसल्या, दोन्ही हातांनी घोड्याचे कान धरून. माझा जीव त्यात नव्हता. प्रत्येक फेरीला मी माळाकडे कान लावत होते. हलगी वाजत होती. खाली उतरल्या तशा त्या पुढच्या तंबूकडे वळल्या, थांबल्या नाहीत. आरशांच्या तंबूत बाकीची माणसं खिदळत होती. आत्याबाई मात्र एकेका आरशापुढं गंभीरपणे उभ्या राहत होत्या, जणू कोणी परीक्षा घेणार आहे. लांबुडक्या आरशापुढं तर इतका वेळ उभ्या राहिल्या की मला त्यांचा दंड धरून ओढावं लागलं. बाहेर आल्यावर त्यांच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मी म्हटलं, आता पुरे. त्यांनी मानही वळवली नाही.

सापाच्या बाईच्या तंबूत अंधार होता, कोंदट. समोर टेबलावर सापाचं भलंमोठं वेटोळं आणि त्यावर एका पोरीचं डोकं, कपाळाला ठसठशीत कुंकू. काठी घेतलेला माणूस तिला प्रश्न विचारायचा, ती पाठ केलेली उत्तरं द्यायची. कुठल्या जंगलातली, कुणाच्या शापानं अशी झाली. मग त्यानं लोकांना म्हटलं, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आत्याबाई पुढं झाल्या.

"जेवलीस का गं?"

पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं. हे उत्तर तिला कोणी शिकवलेलं नसावं. तिनं डोकं हलवलं, नाही म्हणून, आणि तिच्याबरोबर सापाचं वेटोळंही हललं. लोक हसले. काठीवाला खवळला, काठी टेबलावर आपटून आम्हा दोघींना बाहेर व्हा म्हणाला, शिव्याही दिल्या. मी अंगाची आग होऊन बाहेर पडले. ओळखीचं कोणी पाहिलं असतं तर? आत्याबाईंच्या मनात वेगळंच होतं. म्हणाल्या, दुपार टळली आणि पोर उपाशी आहे.

मग पाळणा. तो इंजिनावरचा नव्हता. लाकडाचे चार खोके, आणि दोन गडी खांबावर चढून पायानं रेटा द्यायचे. आम्ही बसलो. खोका वर जाऊ लागला तशी आत्याबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली. अगदी वर गेल्यावर पाळणा थांबला. खालच्या खोक्यात माणसं बसवत होते. वरून सगळी जत्रा दिसत होती, गाड्यांचे तळ, देवळाचं शिखर, आणि पलीकडे हगाम्याचं गोल रिंगण, पटक्यांनी पांढरं झालेलं.

आणि हलगी थांबली.

मला कानात नुसता वारा ऐकू येऊ लागला. मी रिंगणाकडे पाहिलं. माणसं उठत होती की नुसतीच हलत होती, एवढ्या लांबून कळेना. मी खाली वाकून गड्यांना ओरडले, आम्हाला उतरवा. एकानं वर पाहिलं आणि हसला. खोका डुगडुगला. मामा गाडीपाशी पोचले असतील, मोकळी गाडी पाहून उभे असतील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"खाली नगं बघू," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तुटत होता, पण नजर लांब, टेकड्यांपर्यंत गेलेली होती. "आपलं गाव कुटं असंल गं? त्या तिकडं?"

तेवढ्यात पुन्हा हलगी कडाडली. नवी जोड लागली असावी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाळणा फिरला, खाली, वर, पुन्हा खाली, आणि माझ्या पोटात काय झालं ते मला आठवतही नाही.

उतरल्यावर त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागत होता. मी हात जोडले. म्हटलं, आत्याबाई, गाडीकडे चला, मी पाया पडते. त्या म्हणाल्या, एकच राहिलंय. ते न बघता गेले तर बाकीचं बघून काय उपयोग? आणि निघाल्या. मी त्यांना एकटं सोडू शकत नव्हते, म्हणून गेले.

मौतका कुआ म्हणजे फळ्यांचं उभं पिंप, घराहून उंच. बाहेरून जिना चढून काठावर जायचं आणि आत वाकून बघायचं. वर गर्दी होती. खाली एक किडकिडीत माणूस मोटारसायकलवर बसला होता. त्यानं गाडी सुरू केली आणि फळ्या पायाखाली थरथरू लागल्या. गाडी तळाशी फिरली, मग फळ्यांवर चढली, आडवी होऊन गरागरा फिरू लागली, वर, आणखी वर, इतकी की काठावरचे लोक मागं सरले. पेट्रोलचा धूर आणि धूळ तोंडावर आली. आता हलगी वाजते की नाही हे कळायला मार्गच नव्हता.

मी समोर पाहिलं. विहिरीच्या पलीकडच्या काठावर मामा उभे होते.

पटका काखेत, दोन्ही हात कठड्यावर, मान खाली वाकवलेली. मोटारसायकलबरोबर त्यांची मान फिरत होती. एवढा मोकळा चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. गाडी आमच्या खालून गेली, त्यांची नजर तिच्यामागून आली आणि आमच्यावर थांबली. मी पदर ओढला. आत्याबाईंनीही पाहिलं होतं. त्या काही बोलायला गेल्या आणि शब्दाऐवजी नुसता घर्र आवाज आला. त्यांनी कठडा सोडून छाती धरली, आणि त्या माझ्या अंगावर कलंडल्या.

मी ओरडले असेन, पण त्या आवाजात माझं मलाही ऐकू आलं नाही. समोर मामा लोकांना ढकलत काठानं येताना दिसत होते. रागानं येतायत की कशानं, हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ते आले, त्यांनी आत्याबाईंना काखेत धरलं आणि आम्ही दोघांनी त्यांना जिन्यानं खाली आणून एका चहाच्या पालाआड बसवलं. ओठ पुन्हा तसेच निळसर झाले होते. मी कनवटीची गाठ सोडली. आत पैसे होते, पुडी नव्हती.

"गोळ्या कुटंयत?" मामांनी विचारलं.

आत्याबाईंनी गाड्यांच्या दिशेनं बोट केलं. गोळी घेतली की हात कापतात आणि जवळ असली तर मी घ्यायला लावीन, म्हणून त्यांनी पुडी गाडीतल्या गाठोड्यातच ठेवली होती, हे मला नंतर कळलं. मामांनी धोतराचा सोगा खोचला आणि पळत सुटले. त्या वयाचा, त्या मानाचा माणूस, जत्रेच्या गर्दीतून, उघड्या डोक्यानं. मी आत्याबाईंना पुढं वाकवून पाठ चोळत राहिले. चहावाल्यानं न मागता गरम कोरा चहा दिला. एकेक घोट मी त्यांच्या तोंडात घालत होते आणि मनातल्या मनात देवाला नाही नाही ते बोलत होते. प्रत्येक श्वासानंतर वाटायचं, आता पुढचा येतो की नाही.

मामा आले तेव्हा त्यांनाच धाप लागली होती. गोळी दिली. तरी बराच वेळ काही फरक दिसेना. मग हळूहळू ती शिट्टी बारीक झाली, ओठांवर रंग आला. मामा समोर उकिडवे बसून होते. मी बोलणी खायची तयारी केली होती. पण आधी बोलल्या त्या आत्याबाईच.

"तुमी हगाम्याला गेल्ता न्हवं?"

मामा धोतराची धूळ झटकू लागले.

"दर साली हितंच येता?"

"हगाम्यात आता मन रमत न्हाई," मामा म्हणाले. मग त्यांनी पुढं म्हटलं, "व्हय. दर साली."

आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आन् मला एकदा बी आनलं न्हाईसा."

मामांनी खाली बघत काखेतला पटका गुडघ्यावर घेतला आणि गुंडाळू लागले. डोक्याला मात्र बांधला नाही. त्या दिवशी मला ते काहीच बोलले नाहीत, नंतरही कधी नाही. परतताना आत्याबाई गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून होत्या. त्या मामांशी बोलल्या नाहीत, आणि घरी गेल्यावरही कितीतरी दिवस गरजेपुरतंच बोलल्या. पतींना मी सगळं खरं सांगितलं. ते आधी चिडले, मग त्यांनी विचारलं, आई पाळण्यात बसली? खरंच?

त्या साली पाऊस आलाच नाही. पुढच्या चैत्रात देवाची पालखी तेवढी निघाली, खेळवाले फिरकले नाहीत. आम्ही सगळे रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. आत्याबाईंना धुळीत हातोडा धरणं शक्य नव्हतं, त्या सावलीला बसून बायकांची तान्ही पोरं सांभाळायच्या. दुपारी सरकारी सुकडीचा खाऊ वाटला की बाया त्यांच्याभोवती जमायच्या आणि म्हणायच्या, जत्रेचं सांगा. त्या सांगायच्या, सगळं, घोड्यांपासून. एकदा मौतका कुआपर्यंत आल्या आणि म्हणाल्या की त्या माणसानं हात सोडून गाडी चालवली.

पुरुषांच्या रांगेतून मामा म्हणाले, "एकच हात सोडला हुता. दुसरा तो शेवटच्या फेरीला सोडतो. तू तवर बघितलंच न्हाईस."

बाया वळून बघू लागल्या. मामा बायकोशी असे चारचौघांत बोलत नसत. आत्याबाईंनी मांडीवरचं पोर सावरलं.

"मग तुमी सांगा की," त्या म्हणाल्या.

मामांनी हातातली सुकडी संपवली, धोतराला हात पुसले आणि सांगायला लागले.