सगळे कपडे कशाला घेतले?

माझी थोरली बहीण ज्या मुलांना वाचायला शिकवते, त्यांच्यापुढं भल्याभल्या शिक्षकांनी हात टेकलेत. पोरं मंद नाहीत हो. राग आणि भीती एवढी ठासून भरलेली की जरा घासलं की भडका. ताई संध्याकाळी घरी आली की भावजींचा ठरलेला प्रश्न, "आज काय फेकलं?" नुसतं डस्टर असेल तर म्हणतात, प्रगती आहे. परवा मात्र ती पायातल्या चपलांसकट आत आली आणि उभ्या उभ्याच सांगत सुटली.

तिच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे लवंगी म्हणतात. वाचते घडाघडा, पण अर्थ विचारला की "माहीत नाही" आणि भिंतीकडे तोंड. हेडसरांनी ठरवूनच टाकलं होतं, हिला शेजारच्या खोलीत चित्रं रंगवायला बसवायचं. वाचलेलं डोक्यात शिरतच नाही, तर बाईंचा जीव कशाला खायचा. ताईनं भांडून एक शेवटची संधी मागून घेतली, आणि हेडसर स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले.

ताईची एक रीत आहे. पोरांना त्यांच्या स्वतःबद्दल चकार शब्द विचारायचा नाही, विचारायचं ते गोष्टीतल्या माणसाबद्दल. आणि गोष्ट ऐन रंगात आली की थांबवायची. परवाच्या गोष्टीत एक माणूस कपाट रिकामं करून बॅग भरतो, कुत्र्याला दारात बसवतो, "आलोच" म्हणतो आणि बस पकडतो. लवंगीनं एवढं वाचलं आणि टर्रकन पान फाडलं.

हेडसर उठलेच. बघितलंत ना, म्हणाले, आणि दाराकडे निघाले.  तेवढ्यात ताईची ट्यूब पेटली. ही पोर बाक ढकलायची, वह्या भिरकावायची, पण गोष्टीवर आजवर कधी चिडली नव्हती.

"कुणाचा राग आला गं?" तिनं हळूच विचारलं.

"त्याचा. खोटारडा आहे तो. परत येणार नाहीये."

"असं कुठं लिहिलंय?" दारातून हेडसर.

"मग सगळे कपडे कशाला घेतले? आलोच म्हणणारा माणूस कपाट रिकामं करतो होय?"

अंगावर काटा आला बघ, ताई मला सांगत होती. पुस्तकानं न सांगितलेलं पोरीनं आपल्या अकलेनं उपसून काढलं होतं. ताईला नाचावंसं वाटत होतं, पण पोरं बिथरतील म्हणून तिनं टेबल घट्ट धरून ठेवलं.

हेडसर परत बाकावर येऊन बसले. रंगवायच्या खोलीचं नावही त्यांनी काढलं नाही. थोड्या वेळानं खालच्या आवाजात त्यांनी ताईला विचारलं, पुढं कुत्र्याचं काय झालं? ताईनं सांगायला साफ नकार दिला. पुढची गोष्ट त्याच फाटक्या पानाच्या मागल्या बाजूला होती.

लवंगीनं दोन्ही तुकडे जुळवले, ताईकडून चिकटपट्टी घेतली आणि हेडसरांकडे वळली.

"सर, गप बसा जरा. वाचते."