आत्याचा पाय आणि बॉबिनची पाठ

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी मिहानमधल्या ऑफिसात डबा उघडत होते. "ताई, आत्या गेली वं... बसल्या बसल्याच गेली," तो म्हणाला आणि लगेच तिच्या कुत्र्याचं सांगू लागला, "अन् बॉबिन तिच्या गादीवरून हलून नाही राहिला. कोणाले जवळ येऊ देत नाही." महिना उलटून गेला. अजूनही कुसुमआत्याची आठवण निघाली की आधी रडू येतं आणि पाठोपाठ हसू, आणि हसूच जास्त वेळ टिकतं.

आमचं घराणं विणकरांचं. माग केव्हाच बंद पडले आणि आत्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायला लागली. लग्न तिनं केलं नाही. पण सगळ्या मोहल्ल्यात तिचा मान होता तो शिलाईमुळे नाही, पायामुळे. आत्या पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसानं पाठीवर पाय फिरवला की कमरेत भरलेली चमक जाते, अशी आमच्याकडची पक्की समजूत. सकाळी चहाच्या वेळेला तिच्या ओसरीवर कोणी ना कोणी पालथं पडलेलं असायचंच. एकदा समोरच्या घरचा नवाकोरा जावई सासूच्या देखत तसा पडला होता. डावा पाय त्याच्या कमरेवर टेकवून आत्या म्हणाली, "लाजता काहून जावईबापू? पाठ सगळ्यायले एकच दिली हाये देवानं." जावई बिचारा हसता हसता बरा झाला.

आखूड पायांचा, लांबलचक, डॅशहुंड जातीचा बॉबिन कोणीतरी तिला आणून दिला होता. दिवाणावर चढायचं आणि दाराची बेल वाजली की तिथून धाडकन उडी घ्यायची, हा त्याचा धंदा. एका उन्हाळ्यात कूलरसमोर झोपलेला असताना बेल वाजली, त्यानं उडी मारली आणि असा काही ओरडला की शेजारच्या सुमनकाकू हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या. पाठीची कमान झालेली, अंग थरथरत होतं, मागचे पाय फरफटत होते.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं. "मणक्यांमधली चकती सरकली असावी. उड्या बंद, जिना बंद, चालणं जवळपास बंद. लहानशा जागेत पडून राहू द्या. औषध मी देतो तेवढंच, माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही नको. लघवी अडली किंवा पायांतली जाणीव गेली तर तसंच उचलून आणा, मग ऑपरेशनचं बघावं लागेल. आणि मालीश, दाबणं काही नाही."

आत्या आणि मी त्याला घेऊन घरी येतो तर ओसरीवर अख्खा मोहल्ला जमलेला. जो तो म्हणे, पाय ठेव. सुमनकाकू तर हटूनच बसल्या. "अवं कुसुम, साऱ्या दुनियेच्या पाठीवर पाय ठेवते, अन् घरच्या लेकराले काहून नाही?" आत्यानं चप्पल काढली. डावा पाय उचलला. तिचा स्वतःच्या पायावर पुरता विश्वास होता. बॉबिननं मान वळवून तिच्याकडे पाहिलं... आणि तिनं पाय खाली ठेवला. "माणूस सांगते, इथं दुखते, इथं नाही. हा काही सांगत नाही बाप्पा. मंग मी पाय ठेवू कुठं?"

 मी तिच्याकडे बघतच राहिले. उभ्या आयुष्यात तिला इतकं अवघड काही करावं लागलं नसेल.

दुसऱ्याच दिवशी तिनं दिवाण बाहेर काढून देऊन टाकला आणि स्वतःची गादी जमिनीवर घातली. शेजारी फळ्या लावून बॉबिनची खोली केली. गुडघे कुरकुरायचे तिचे, पण जेवण, शिलाई, पाहुणे सगळं खालीच. अंगणात न्यायचं तेव्हा जुन्या साडीचा पट्टा त्याच्या पोटाखालून घालून मागचा भाग उचलून धरायची. त्यानं लघवी केली की "शाब्बास रे माझ्या राजा!" हे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. लोक भाजीला जाता जाता विचारायचे, "झाली का?"

आणि या दिवसांत कोणी चमक घेऊन आलं की आत्या पाय लावायची नाही, बॉबिनचंच पथ्यपाणी सांगायची. "उड्या बंद, जिना बंद, मुकाट्यानं पडून राहाचं. नाही उतरली त डाक्टरकडं जाचं." जावईबापूंनी तेही ऐकलं.

एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना तिचा फोन. "हालवली! शेपूट हालवली वं त्यानं!" मी भर मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं, त्यांचा मुद्दा पटला. पुढे बॉबिन उभा राहिला, वरातीत नाचून थकलेल्या माणसासारखा झोकांड्या खात चालू लागला. ती तिरकी चाल त्याची कायमची राहिली. आत्यानं मात्र परत दिवाण घेतला नाही.

ती गेल्यावर मी बॉबिनला माझ्या फ्लॅटवर आणलं. तो उठेना, खाईना. पुन्हा पाठ गेली की काय, म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कण्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "पाठ चांगली आहे हो याची." पलंगावर बसून मी त्याला खूप हाका मारल्या, लाडीगोडी लावली. शेवटी माझाच धीर सुटला. ताट घेऊन मी खाली फरशीवर बसले आणि जेवता जेवता भडाभडा रडले. बॉबिन उठला. तिरका तिरका चालत आला, माझ्या मांडीला पाठ लावून बसला आणि त्यानं पोळीचा तुकडा खाल्ला.

तेव्हापासून माझीही गादी खालीच असते. नवरा काही दिवस पलंगावरून आमच्याकडे बघत होता. "तुह्या आत्यानं मेल्यावरबी घर बिघडवलंच," असंही एकदा बोलून झालं. परवा रविवारी दुपारी तो उशी घेऊन खाली आला, जराशी जागा शोधली आणि म्हणाला, "सरक गा थोडा." हे तो बॉबिनला म्हणाला.