उन्हात सुटलेली पिन
आज फाटकाच्या गंजलेल्या बिजागरीवर डिझेल ओतलं आणि त्या वासासरशी आमच्या कॉलेजच्या पटांगणातलं छोटं, जुनं विमान आठवलं. मुलांना शिकवण्यासाठी ते आणलं होतं, पण पंखामागची हलती फळी हलेना. अ‍ॅल्युमिनियमच्या बिजागरीत हातभर लांब पोलादी पिन गंजून जाम बसली होती, डिझेल ओतूनही सुटेना. मी हातोडी उचलली, तशा वर्कशॉपच्या मॅडम पुढे झाल्या. बिजागरी फुटली असती, तर तसली दुसरी मिळणार नव्हती. मॅडम कोल्हारच्या शेतकरी घरातल्या. हातात पक्कड आली की घरच्या बोलीवर यायच्या. "सर, गाय कळ देती तवाच वासरू वढायचं. मधीच वढलं तर दोघंबी जात्यात." उन्हानं पंख तापला की अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगायचं, पिन जराशी ढिली व्हायची, तेवढ्यात त्या ती फिरवत फिरवत ओढायच्या. ढग आला की पक्कड खाली, आणि आमच्या गप्पा सुरू. दुपार कलली तेव्हा पिन अख्खी बाहेर आली, फळी मॅडमच्या दोन्ही हातांत उतरली, आणि त्यांनी ती खाली न ठेवता आधी अ‍ॅप्रननं हळुवार पुसून काढली. माझं फाटक तर सगळंच लोखंडाचं, त्याला उन्हाचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. तरी हातोडी बाजूला ठेवून मी उन्हाची वाट बघत बसलोय.