रिकाम्या खोलीचं एक मिनिट

आधीच सांगते, इथले भुताखेताचे अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि चहा संपायच्या आत दहातले नऊ मनातल्या मनात खोटे ठरवून मोकळी होते. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळ... मला हसू येतं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि रविवारी घरी लोकांची गाणी रेकॉर्ड करते. दोन्ही कामांत एकच नियम - जे आत टाकलं तेच बाहेर येतं. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही मला थापाडी म्हणालात तर राग येणार नाही. तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

आम्ही भिलाईचे. बाबा वर्ध्याहून स्टील प्लांटमध्ये क्लार्क म्हणून आले, रिटायर झाल्यावर जुनवानीत घर बांधलं. ते गेल्यावर आई आणि मी. मागच्या खोलीच्या भिंतींना सुपेल्याच्या बाजारातून आणलेल्या गाद्या ठोकल्या आणि तिला स्टुडिओ म्हणायला लागले. भिलाईत स्वतःची गाणी लिहिणारे बरेच आहेत, बाहेरच्यांना पटत नाही. कुणी हिंदीत, कुणी छत्तीसगढीत... मराठीत मात्र कुणीच नाही. मराठी आमच्याकडे घराच्या उंबऱ्याच्या आत बोलायची भाषा.

शेखरभाऊ माझ्याकडे सगळ्यात जास्त यायचे. दुर्गच्या मोहन नगरातले, औषध कंपनीचे एमआर. दिवसभर स्कूटरवर डॉक्टरांचे दवाखाने, आणि हेल्मेटच्या आत चाली बांधणं. "मंजू, हेल्मेटमधी रिव्हर्ब काय मस्त येते, आवाज कसा घुमते, तुझ्या गाद्या फेल आहेत," असं मला तोंडावर सांगायचे. आम्ही दोघं मिळून एक पॉडकास्टही करायचो - नवे सिनेमे, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा, आपल्याकडची पोरं काय नवीन करतायत, अशा गप्पा. ऐकणारे मोजके, पण भांडणं मनापासून.

"आजकाल अंतरा कोणी लिहून नाही राहिलं," हे त्यांचं नेहमीचं तुणतुणं. "मुखडा, हूक, खतम. पंधरा सेकंदात रील संपली, गाणं बी संपलं."

"लोकांना तेवढाच वेळ आहे, भाऊ."

"वेळ आहे वं. धीर नाही."

मग त्यांचा आवाज बसायला लागला. सर्दी म्हणून दोन महिने काढले आणि तपासणीत घशात गाठ निघाली, चांगली नव्हती. ज्या माणसाने कधी सुपारीसुद्धा चघळली नाही त्याला. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन बुधवारचं ठरलं, रायपूरला.

त्याच्या आधीच्या रविवारी अकराच्या सुमारास भाऊ गिटार घेऊन आमच्या दारात. घसा घोगरा, चेहरा उतरलेला.

"रेवासाठी एक गाणं लिहिलं," म्हणाले. रेवा त्यांची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. "मराठीत लिहिलं. एकच टेक देऊ शकीन, डॉक्टर तर बोलू बी नको म्हणते. पोरीले माझा आवाज आठवला पाह्यजे ना मंजू... फोटोतून आवाज येत नाही."

लोकांसाठी गायलेल्या गाण्यांचे त्यांचे व्हिडिओ ढीगभर होते. पण मुलीसाठी, घरच्या भाषेत, स्वतःचं असं हे एकच. मला ते कळत होतं, म्हणून मी जास्त काही बोलले नाही. आईने त्यांना व्हरांड्यात बसवून पोहे दिले आणि मी माइक लावायला गेले.

आता माझी कामाची एक पद्धत सांगायला हवी, सगळं त्यावर आहे. गाणं सुरू करण्याआधी मी नेहमी रिकाम्या खोलीचं एक मिनिट रेकॉर्ड करते. त्याला रूम टोन म्हणतात. खोली आपल्याला शांत वाटते, पण फ्रिजची घरघर, लांबची मालगाडी, असं काहीतरी असतंच. नंतर सॉफ्टवेअरला ते मिनिट दाखवायचं आणि सांगायचं - हा कचरा ओळखून ठेव, गाण्यात जिथे सापडेल तिथून काढ. ते काढतं. मिनिटाची फाइल मी वेगळी ठेवते.

त्या दिवशीही तसंच केलं. रेकॉर्डिंग सुरू केलं, बाहेर आले, दार लावलं आणि घड्याळ बघत उभी राहिले. समोर व्हरांड्यात भाऊ आईसमोर बसले होते, तोंडात पोह्यांचा घास. हे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. पुन्हा सांगते, बघत होते.

मग ते आत आले आणि गायले. दोन कडवी, साडेतीन मिनिटं. आवाज जागोजागी फाटला, पण थांबले नाहीत. शेवटी गिटार खाली ठेवून हातानेच 'झालं' म्हणाले, कारण आवाज उरलाच नव्हता. मी तोंड फिरवून केबल गुंडाळत बसले.

सोमवारी दुसरी पोरं रॅप रेकॉर्ड करायला येणार होती. भाऊंचं गाणं कॉम्प्युटरवर घेतलेलं होतं, म्हणून मी रेकॉर्डरचं मेमरी कार्ड पुसून टाकलं. मंगळवारी दुपारी शाळेतून येऊन गाणं साफ करायला बसले. मिनिट दाखवलं, गाण्यावर चालवलं, आणि तेवढ्यात शाळेतून पेपरांबद्दल फोन. सवयीने सेव्ह दाबलं आणि प्रोग्रॅम बंद केला. न ऐकता! वेगळ्या नावाने कॉपी न ठेवता! मुलांना वर्षभर ओरडून जे शिकवते, तेच मी केलं नाही.

फोन संपवून फाइल उघडली. गिटार वाजली. स्वच्छ, सुंदर गिटार. आवाज नाही. दोन श्वासांमधल्या जागा होत्या, खुर्चीचं करकरणं होतं, माणूस नव्हता.

असं होत नाही. घरघर एकसारखी असते म्हणून काढता येते, गाणाऱ्याचा आवाज क्षणाक्षणाला बदलतो, तो असा पुसता येतच नाही. मी सगळं उलटसुलट करून पाहिलं. कार्ड पुसलेलं, त्यावर रॅप. भाऊ सकाळीच दवाखान्यात भरती झाले होते. एका बापाने मुलीसाठी ठेवलेला शेवटचा आवाज मी कचरा म्हणून काढून टाकला होता. मी तिथेच बसून रडले, लपवत नाही.

मग म्हटलं, बघू तरी कचऱ्यात होतं काय. रिकाम्या खोलीची फाइल उघडली. स्क्रीनवर सरळ रेघ. आवाज वाढवला, आणखी वाढवला, अगदी शेवटापर्यंत... आणि भाऊ गायला लागले.

घोगरे नाही. वर्षभरापूर्वी गायचे तसे, मोकळ्या गळ्याने. चाल तीच, पण रविवारच्या दोन कडव्यांतलं हे नव्हतं.

*हाक नाही आली माझी, तरी मागे पाहा,*
*मी नाही बोललो काही, तू बोलत राहा.*

मी हेडफोन काढून फेकले. आईला बोलावून स्पीकरवर ऐकवलं. तिने पदर तोंडावर धरला.

"शेखरच आहे हा," ती म्हणाली. "पण कसं काय गं? तो तर माझ्यासमोर पोहे खाऊन राहिला होता! मी त्याले लिंबू नाही का दिलं?"

तो आठवडा मी त्या खोलीत गेले नाही.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी मी मोहन नगरला गेले, लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन. भाऊंच्या गळ्याला पांढरं कापड, हातात रेवाची पाटी. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या आणि मी एका दमात कबूल केलं - गाणं गेलं, माझ्या हातून गेलं. बोलताना परत रडू आलं. भाऊंनी पाटीवर लिहिलं,

*गेलं ना? मग आता कावून रडून राहिली? उरलं काय ते दाखव.*

मी हेडफोन दिले. ते ऐकत होते आणि मी त्यांचा चेहरा बघत होते. एकदा ऐकलं, डोळे मिटून दुसऱ्यांदा ऐकलं. मग लिहिलं, *हे तिसरं कडवं. मले सुचलं ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. कोणाले सांगितलं नाही.*

मी तर ते मंगळवारीच ऐकलं होतं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. त्यांनी पुसून पुन्हा लिहिलं, *पण ही कोण गाऊन राहिली?*

"कोण?"

त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावले. मी ती फाइल तोवर वीस वेळा तरी ऐकली असेन, पण सगळं लक्ष त्यांच्या आवाजाकडे. दुसऱ्या ओळीपासून त्यांच्या मागे एक बाई गात होती. तयार गळा, पंचवीस-तिशीचा. त्यांच्या स्वराला खालून आधार देत, अनेक वर्षं बरोबर गाणारी माणसं गातात तशी. ओळ संपल्यावर श्वास घेतला आणि अगदी सहज, तालमीत सांगतात तसं म्हणाली - "बाबा, एक सूर वर घेऊ ना." आणि मिनिट संपलं.

त्या घरात रेवा सोडून त्यांना बाबा म्हणणारं कुणी नाही. आणि रेवा त्या वेळी समोरच्या जमिनीवर बसून चित्र रंगवत होती.

भाऊ घाबरले असतील असं मला वाटलं. ते कितीतरी वेळ मुलीकडे बघत राहिले. मग पाटी माझ्यासमोर धरली. *म्हणजे कुठंतरी मी गाऊन राहिलो.*

नागपूरचा माझा एक मित्र आवाजाचं काम करतो, त्याला मी काही न सांगता फाइल पाठवली. त्याचा फोन आला - दोन माणसं आहेत, एकत्रच गायलेली, पण ही तुझी खोली नाही, ही बरीच मोठी आहे, कुठे केलंस? मी विषय बदलला. सॉफ्टवेअर, माइक, कॉम्प्युटर, सगळं तपासलं. भाऊंनी आधी कधीतरी गाऊन ठेवलं असेल म्हणावं, तर कडवंच तेव्हा नव्हतं. माझा नियम या एका मिनिटापाशी चालत नाही, आणि त्याची मला अजून चीड येते.

याला आता आठ वर्षं झाली. भाऊ बरे आहेत, नोकरी बदलली, गाणी अजून लिहितात, गातात दुसरे. रेवा चौदाची आहे. ते मिनिट ऐकत ती मोठी झाली. गेल्या महिन्यात तिने स्वतःचं पहिलं गाणं लिहिलं आणि माझ्याकडे रेकॉर्ड करायला आली. भाऊ व्हरांड्यात आईजवळ बसले. मी हेडफोन लावले, ती गायला लागली, आणि दुसऱ्याच ओळीला मी हेडफोन कानांवर दाबून धरले. आवाज कोवळा होता, कच्चा होता. पण त्या मिनिटातल्या बाईचाच होता. तुम्ही म्हणाल, लहानपणापासून ऐकलं म्हणून तशी गाते. म्हणा, मीही स्वतःला तेच सांगते आहे.

टेक संपला. ती पाणी प्यायली, केस कानामागे घेतले आणि आपल्या शाळेतल्या एखाद्या फोटोबद्दल विचारावं तसं मला विचारलं, "मंजूआत्या, बाबांच्या त्या रेकॉर्डिंगमधी मी केवढी आहे?"