वीस जून ते वीस एप्रिल

समजा, हे काम तुम्हाला करायचं आहे. टेबलावर गॅल्व्हानोमीटर आहे, अगदी सूक्ष्म वीजप्रवाह मोजायचं उपकरण. त्याच्या आत पातळ तारेची गुंडाळी टांगलेली असते आणि तिच्यावर करंगळीच्या नखाएवढा आरसा. ही गुंडाळी ज्या पट्टीला टांगलेली असते ती केसाहून बारीक, आणि नेमकी तीच तुटली आहे. तिच्या जागी दुसरी बसवायची. दारंखिडक्या लावून घ्या, कारण पालघरला दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. पंखा बंद. घाम पुसायचा तो आधीच पुसा. आता चिमट्यात पट्टी धरा, श्वास रोखा आणि सोल्डरच्या तापलेल्या टोकावरचा कथलाचा थेंब तिला लावा. मोहरीएवढा थेंबसुद्धा जास्त होतो. श्वास सुटला की पट्टी उडालीच, मग फरशीवर रांगत ती शोधा.

आत्माराम चुरीने ती अकरा वेळा शोधली. बाराव्या वेळी ती बसली.

आत्माराम पालघरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होता. मुलांना प्रयोग मांडून द्यायचे, समजावायचे, वह्या तपासायच्या. गाव एडवण. वडील भगवंत चुरी यांची पानवेलींची वाडी होती, आणि त्या घरातला पहिला पदवीधर हा. चार वर्षं तो त्या प्रयोगशाळेत होता, पण कागदावर तो कधीच सलग नव्हता. दर वीस जूनला त्याला नेमणुकीचं पत्र मिळे आणि दर वीस एप्रिलला सेवा संपल्याचं. मधले दोन महिने तो कॉलेजचा कुणीच नसे. आणखीही काही जण तसेच होते. स्टाफरूममध्ये त्यावर विनोद चालत.

"चुरी, तुमचं आणि आंब्याचं एकच," एक प्राध्यापक म्हणत. "दोघांनाही एप्रिलात उतरवतात."

"आंब्याला निदान भाव मिळतो, सर," आत्माराम म्हणे, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसे.

स्टाफरूममध्ये सगळी बोलणी फिरून विद्यापीठावर येत. मुंबईहून चक्रमुद्रित परिपत्रक आलं की फळ्याभोवती गर्दी होई. नवी वेतनश्रेणी कधी, कामाचे तास किती, कुणाला मान्यता, कुणाला नाही. आत्माराम त्यात एकच गोष्ट शोधायचा. कॉलेजला विज्ञानाचा पदवीवर्ग मिळाला, तर त्याची जागा बाराही महिन्यांची होणार होती. कायम.

१९६७च्या दिवाळीनंतर परिपत्रक आलं : पदवीवर्गासाठी पाहणी करायला विद्यापीठाची समिती नऊ डिसेंबरला येणार. प्राचार्यांनी आत्मारामला बोलावून घेतलं.

"चुरी, फिजिक्सची लॅब तुमच्यावर सोपवतो. नवीन काही मागू नका. आहे ते चालू करा."

आहे त्यातलं निम्मं बंद होतं. खारट दमट हवेने स्क्रू गंजलेले, कपाटातल्या लाकडी पेट्यांना बुरशी. आत्मारामने दर कपाटात कळीच्या चुन्याची वाटी ठेवली, ओल ओढून घ्यायला. गॅल्व्हानोमीटरची पट्टी त्याने बोईसरला एका कंत्राटदाराच्या भंगारातल्या मोडक्या मीटरमधून मिळवली. रविवारीसुद्धा तो कॉलेजात असे.

"तुमचा त्या लॅबोटरीशी पाट लावून द्यायला पायजे होता," मंदा म्हणाली. मंदा त्याची बायको, केळव्याची. स्टेशनजवळच्या एका खोलीत दोघं राहत.

"कायम झालो की रविवार तुझा."

"आन् नाय झालात तर?"

तो प्रश्न आत्मारामने मोजणीत धरलाच नव्हता.

समितीला द्यायचा तक्ता भरायचं कामही त्याच्याकडे आलं, कारण अख्ख्या कॉलेजात त्याच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. शिक्षकाचं नाव, पदवी, वर्ष, क्लास. तो स्वतःच्या ओळीवर आला. पदवीच्या परीक्षेत त्याला उत्तरं येत होती, पण इंग्रजी वाक्यं वेळेत होत नव्हती. पास क्लास मिळाला होता, दुसऱ्या वर्गाच्याही खालचा.

शेजारी हेडक्लार्क पंढरीनाथ सावे बसले होते. चष्म्यावरून पाहत ते म्हणाले, "अरे मास्तर, तेवढी जागा रिकामी सोड."

"का?"

"रिकाम्या जागेला कोण विचारीत नाय. लिवलेल्याला विचारतात."

"पंढरीभाऊ, मी मुलांना सांगतो, आलेलं रीडिंग आहे तसं लिहा. आणि स्वतःचं चोरू?"

"मग लिव बाबा. तुजं रीडिंग."

त्याने लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

नऊ डिसेंबरला समितीतले तिघे आले. त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ गॅल्व्हानोमीटरपाशी थांबले. समोरच्या मोजपट्टीवर आरशातून पडलेला प्रकाशाचा ठिपका शून्यावर स्थिर होता. त्यांनी टेबलावर बोट आपटलं. ठिपका थरथरला आणि पुन्हा शून्यावर आला.

"कंपनीचा माणूस आला होता का?"

"नाही सर. मी बसवलं."

"तुम्ही?" त्यांनी आत्मारामकडे नीट पाहिलं.

"आमच्याकडे सगळं मिळूनमिसळून चालतं," प्राचार्य मधेच म्हणाले आणि तक्ता त्यांच्या हातात दिला. त्या गृहस्थांचं बोट नावांवरून खाली उतरलं, एका ओळीवर थांबलं. त्यांनी तिथे पेन्सिलीने बारीक खूण केली. कुणाच्या ओळीवर, हे आत्मारामला उलट्या बाजूनेही वाचता आलं.

मार्चमध्ये पदवीवर्गाला परवानगी मिळाली. कॉलेजात पेढे वाटले. आत्मारामने दोन खाल्ले, एक मंदासाठी रुमालात बांधून नेला. चार दिवसांनी प्राचार्यांनी त्याला बोलावलं आणि पदवीवर्गाच्या अटींचं पान पुढे केलं. डेमॉन्स्ट्रेटर किमान दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण हवा.

"माझ्या हातात असतं तर," प्राचार्य म्हणाले. "विद्यापीठाचा नियम आहे."

"पण सर, जुन्या माणसाला काही सवलत..."

"जुना? तुमची सेवा सलग कुठे आहे, चुरी?"

दर एप्रिलची खंड पाडणारी पत्रं त्याने स्वतः सही करून घेतली होती.

मंदाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "रिकामं सोडायला काय झालेलं तुमाला? एवढं सगळ्यांनी सांगून?"

"एकट्या पंढरीभाऊंनी सांगितलं होतं."

"एक माणूस पुरे व्हता."

त्यानंतर रोज आत्माराम 'पास क्लास' हेच दोन शब्द मनात पुन्हा पुन्हा लिही आणि पुन्हा पुन्हा खोडी. एडवणला तो गेलाच नाही. वडिलांनी निरोप धाडला, पोर कायम झाला का. त्याने कळवलं, काम चालू आहे. रात्री जेवताना मंदा सांगे, बोईसरला अणुकेंद्राच्या कामावर माणसं घेतात म्हणे. तो हो म्हणे आणि ताटात बोट फिरवीत बसे.

वीस एप्रिलला तो प्रयोगशाळेच्या किल्ल्या आणि सामानाची यादी द्यायला ऑफिसात गेला. यादीवर त्याची सही आणि कॉलेजचा शिक्का लागणार होता. पंढरीनाथ शिक्का आणायला आत गेले. टेबलावर विद्यापीठाची फाइल उघडी होती. अटींचं ते पान त्याने पाहिलं होतं, पण त्या पानाला वर जोडलेलं पत्र पाहिलं नव्हतं. पहिलीच ओळ होती : "आपल्या अठ्ठावीस नोव्हेंबरच्या पत्रातील विचारणेस अनुसरून डेमॉन्स्ट्रेटरच्या पात्रतेबाबत कळवण्यात येते की..."

त्याने ती दोनदा वाचली. समिती नऊ डिसेंबरला आली होती. तक्ता त्याच दिवशी, त्याच्यासमोर, हातोहात दिला होता. अठ्ठावीस नोव्हेंबरला विद्यापीठाने त्याचा पास क्लास पाहिलेलाच नव्हता. पात्रतेचा प्रश्न त्याआधीच कॉलेजातून गेला होता.

पंढरीनाथ परत आले.

"पंढरीभाऊ, हे अठ्ठावीस तारखेचं पत्र. याची प्रत कुठंय?"

पंढरीनाथांनी फाइल मिटली. घाई न करता फीत बांधली. "ते मी टाइप केलं नाय. प्राचार्यसायबांनी स्वतः बसून केलं. ऑफिसात प्रत नाय."

"तुम्ही वाचलं असेल."

"पाकीट बंद होतं, आत्माराम." चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला मास्तर म्हटलं नाही. "मी फक्त तिकीट लावलं."

"साहेब आहेत आत?"

"मुंबईला गेलेत. सोमवारी येतील. सोमवारी तू..." सोमवारी तो कॉलेजचा कुणी नव्हता.

शिक्का उमटला. आत्मारामने सही केली आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. बाहेर येऊन त्याने सायकल काढली आणि ती हाताने ढकलत तो स्टेशनकडे चालू लागला. घरी गेल्यावर मंदाला सांगायचं काय? त्या तक्त्यावरून ती महिनाभर त्याच्यावर रागावली होती, आणि तो स्वतःवर. तो राग चुकीच्या जागी गेला होता का, हेही आता त्याला सांगता येईना.

त्यानंतर त्याने विद्यापीठाला दोन अर्ज केले. दोन्हींना पोच आली, उत्तर आलं नाही. बोईसरला कामावर लागल्यावरही पालघरचं कुणी भेटलं की तो आधी तब्येत विचारी, मग कॉलेजची खबर, आणि मग सावकाश तेच. अठ्ठावीस नोव्हेंबरच्या त्या पत्रात साहेबांनी विद्यापीठाला नेमकं काय विचारलं होतं? आणि उत्तर काय येणार हे ठाऊक असूनच विचारलं होतं का?