खंडेनवमीला चाकण: गोळ्यांच्या कपाटाची सुट्टी

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना आत सोडतात, म्हणून यंदा हट्टच धरला: ताईचं औषध बघायचंच. माझी थोरली बहीण चाकणच्या एका कंपनीत लहान मुलांसाठी मलेरियाची नवी गोळी तयार करतेय, चमचाभर पाण्यात विरघळणारी. बाई लग्नात जेवायला बसली तरी डासांवर बोलते!

दापोडीहून भोसरी, तिथून चाकणची दुसरी बस. दिवसाचा पास काढा, स्वस्तात पडतं. आणि लवकर निघा हो, मोशीच्या पुढे कंटेनरांमागे अडकलात की संपलंच. मी मोशीला उतरून मिसळ खाल्ली. नाका-डोळ्यांतून पाणी, पण पैसे वसूल.

कंपनीत जिकडेतिकडे झेंडू. मशीनं पुसून, बंद करून, हळदकुंकू लावलेली. ताईनं मला कौतुकानं तिच्या कपाटापाशी नेलं. त्यात गोळ्या सहा महिने गरम, दमट हवेत ठेवतात; फ्रीज नसलेल्या खेड्यात त्या टिकतील का, ते त्यावरून कळतं. निकाल आठवड्यावर आला होता. कपाटालाही हार घातलेला. ताईनं दाराला हात लावला आणि पांढरीफटक पडली. कपाट गार होतं.

"गित्तेभाऊ, हे कुणी बंद केलं?"

परळीकडचे गित्तेभाऊ तिथली मशीनं सांभाळतात. "मीच की मॅडम, कालच. आजच्या दिवशी मशीनला विसावा देतेत ना? अलार्म वाजायला लागला, त्यो बी बंद केला."

मला असा संताप आला! ताई तर मटकन खाली बसून रडायलाच लागली. मी तिच्या कानात म्हटलं, "चालू कर आणि गप्प बस. एका दिवसानं काय होतंय?"

"आणि एखाद्या आईनं ही गोळी दिली न् ताप उतरलाच नाही तर? तिला काय सांगू, आमच्याकडे पूजा होती?"

तिनं डोळे पुसले, साहेबांना फोन करून खरं ते सांगितलं. सगळ्या गोळ्या बाद. पुन्हा पहिल्यापासून सहा महिने.

गित्तेभाऊ रडवेले होऊन हार काढायला लागले. ताई म्हणाली, "असू द्या भाऊ. मीच आधी सांगायला हवं होतं. कपाट चालू करा, नव्या गोळ्या ठेवू."

परतीच्या बसमध्ये गित्तेभाऊंवरचा राग हळूहळू निवळला. घरी आईनं विचारलं, "कशी झाली पूजा?" मी तिला कपाटाचं सगळं सांगितलं. या सहा महिन्यांत कुठल्यातरी पाड्यावर एखादं पोर तापानं फणफणेल आणि ही गोळी तिथं नसेल. ताई रडली ती त्या पोरासाठी.