नीताबाईंचा जादा रकाना

नीता वर्तकला प्रश्न विचारायची हौस भारी. भाजीवालीला 'मेथी कुठली' एवढं विचारून ती थांबायची नाही. शेत कुणाचं, मुलगी कितवीत, इथपर्यंत जायची. नवीन पनवेलच्या सोसायटीत तिला मागून 'चौकशीबाई' म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं, कारण तेही तिनं विचारून घेतलं होतं.

त्यामुळे १९९४च्या जानेवारीत पुण्याच्या एका संस्थेला पनवेलमध्ये घरोघरी माहिती गोळा करायला माणसं हवी होती, तेव्हा नीताचं नाव सगळ्यात आधी गेलं. संस्थेचे देवधरसाहेब फॉर्म वाटताना म्हणाले, "इथल्या हवेत धूर, कार्बन का वाढतोय ते बघायचंय. माणसं वाढली की चुली वाढतात, चुली वाढल्या की धूर. सोपं आहे."

पहिला फॉर्म नीतानं स्वतःच्या घराचा भरला. माणसं चार, जळण गॅस, वाहन स्कूटर.

"स्कूटर कशासाठी वापरता?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"स्टेशनपर्यंत. तुला माहीत नाही का?" अविनाश म्हणाला.

"आणि कोपऱ्यावरून दूध आणायला?"

अविनाशनं पेपर तोंडासमोर धरला. नीतानं लिहिलं, 'दुधासाठीही.'

पाचव्या दिवशी ती पळस्प्याच्या पुढे वीटभट्टीवर पोचली. तिथं जिजा कातकरीण डोक्यावर विटा वाहत होती. नवरा बाळ्या, सासू आणि पोरं धरून झोपडीत नऊ माणसं. चुलीला दिवसाकाठी काटक्यांची एक मोळी. दिवा रॉकेलचा, तोही जेवण होईस्तोवर.

"आणि ही भट्टी कशावर जळते?"

"कोलसा, तूस. म्हैनाभर धुमसते."

नीतानं पेन टेकवलं आणि अडली. हा धूर लिहायचा कुणाच्या नावावर?

"आमच्या नको लिवू," जिजा म्हणाली. "आमची झोपडी कुडाची हाय. तुज्या घराला ईटा किती लागल्या, बाय?"

हा एक प्रश्न चौकशीबाईनं कधी कुणाला विचारलाच नव्हता.

"मंग मीच येऊन बगते," जिजा म्हणाली आणि तिनं पत्ता विचारून घेतला.

आणि रविवारी खरंच आली. तिसऱ्या मजल्यावर येऊन तिनं भिंतीवर टकटक केलं. "ईटा दिसतच नाय! वरून रंग फासलाय." मग हातानं भिंती मोजत ती स्वयंपाकघर, बेडरूम, पार बाथरूमपर्यंत फिरली. आत अविनाश दाढी करत होता. तो साबणासकट बाहेर पळाला.

"धा हजार तरी," जिजानं निकाल दिला. चहा घेऊन ती गॅलरीत गेली. लांबवर भट्ट्यांच्या धुराच्या रेघा दिसत होत्या. "तो तिसरा आमचा," ती म्हणाली, आणि नात्यातलं माणूस दिसावं तशी हसली.

त्या रात्री नीतानं प्रत्येक फॉर्मावर पट्टीनं एक जादा रकाना आखला: 'या घरासाठी दुसरीकडे झालेला धूर.' मग तिच्या प्रश्नांना ऊतच आला. घर किती विटांचं? टीव्ही कुठून आला? ट्रकनं की रेल्वेनं? न्हावा शेव्याच्या बंदरातल्या नोकरीवर पोसलेल्या एका कुटुंबानं तर तिला पाहून दार लावून घेतलं.

देवधर भडकले. "बाई, फॉर्म छापील असतो!"

"साहेब, नऊ माणसांची मोळी एक, आणि आमच्या चौघांच्या विटा दहा हजार. माणसं मोजून कसं भागेल?"

देवधरांनी फॉर्म चाळले, दोनदा चाळले, आणि बॅगेत भरून पुण्याला नेले.

एप्रिलमध्ये पत्र आलं. अहवालात माणसांच्या संख्येशेजारी कमाई आणि बांधकामही आलं होतं. पुढच्या फेरीत रकाना राहणार होता. फक्त नाव फार लांबलचक होतं, सुटसुटीत सुचवावं.

नीता पत्र घेऊन भट्टीवर गेली. जिजानं विटांची चळत उतरवली, घाम पुसला आणि म्हणाली, "'कुनासाठी?' एवडंच लिव."

तेच छापलं. फक्त 'न'चा 'ण' करून.